नाकमुरडे मिस्त्री आणि उभं इंजिन

खरं आडनाव काय होतं कोण जाणे, पण सगळी गल्ली त्यांना नाकमुरडे मिस्त्री म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. "नाक मुरडायला आधी नाक असावं लागतं," ते म्हणत. "बाकीच्यांच्या तोंडावर नुसती श्वास घ्यायची भोकं आहेत."

त्यांचं गॅरेज म्हणजे एक लांबट खोली, पुढे पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्यांचा संसार. भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले, खाली जमिनीवर तेलाचा एक डाग सापडायचा नाही. काम फक्त एकाच जातीच्या गाड्यांचं : उंच सीटच्या, लांब टांगांच्या, डांबरावरही पळणाऱ्या आणि खडकावरही चढणाऱ्या मोटरसायकलींचं. या गाड्यांवर मिस्त्रींचा जीव होता. त्यांच्यावर बसणाऱ्यांची मात्र त्यांना किळस होती.

आणि किळस यावी असेच लोक होते ते, हे कबूल केलं पाहिजे. उन्हाळा तापला की दारात त्यांची रांग लागायची. एकानं रेडिएटरपुढे चार दिवे लावलेले, दिव्यांपुढे जाळी आणि जाळीपुढे आपल्या क्लबाच्या नावाची पाटी. वर विचारायचा, मिस्त्री, इंजिन तापतंय हो. "हवा कुठून जाणार आत?" मिस्त्री म्हणायचे. "तुमच्या कानातून?" दुसरा ओला टॉवेल रेडिएटरला गुंडाळून यायचा, तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा. तिसऱ्याच्या रेडिएटरच्या पात्यांमध्ये गेल्या सहलीचा चिखल वाळून विटेसारखा घट्ट झालेला असायचा. धुवत का नाही म्हटलं तर साहेब म्हणायचे, चिखल असला की गाडी फिरलेली वाटते. ऑफिसात खुर्ची गरम करणारी ही माणसं रविवारी गुडघ्याला प्लास्टिकच्या वाट्या बांधून शूरवीर व्हायची आणि टेकडीखाली इंजिन चालू ठेवून तासभर फोटो काढायची.

या फोटोंवरूनच मिस्त्रींचा कायदा जन्माला आला होता. गॅरेजच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं : दारात इंजिन उभं चालू ठेवू नये. अपमान केला जाईल. पळत्या गाडीला वारा लागतो, वाऱ्यानं रेडिएटर गार राहतो. उभ्या गाडीला वारा कोण घालणार, तुझी मावशी? म्हणून किल्ली फिरव आणि चालू लाग, नाहीतर बंद कर. मिस्त्री स्वतःही इंजिन सुरू करून, दोन क्षण कान देऊन, लगेच बंद करत. "मला पुरतं तेवढं," ते म्हणत. "बहिऱ्यांनी ऐकत बसावं." हे सगळं शंभर टक्के बरोबर होतं आणि त्यांचं बरोबर असणं इतकं सतत चालायचं की बायको कधीकधी जेवताना पंखा मोठा करून ठेवायची, म्हणजे ऐकू कमी येईल.

जगात एकच माणूस या नाकाच्या तावडीतून सुटला होता, तो म्हणजे लेक. ती गुरांची डॉक्टर. तिच्याकडे लांबलांबच्या वस्त्या होत्या, अर्धी वाट डांबरी, अर्धी वाळूची नि दगडांची. ती असलीच एक उंच गाडी चालवायची आणि ती अशी चालवायची की मिस्त्री रस्त्यापर्यंत जाऊन पाहत उभे राहायचे. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तरी गाडी बापाकडेच आणायची. तिकडे गॅरेजं होती, पण ती इकडे यायची. मिस्त्रींच्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट होती जिच्यासाठी त्यांनी कुणाचे पायही धरले असते. अर्थात तसं बोलून दाखवण्याइतके ते खाली उतरले नव्हते.

त्या वर्षी ऊन नुसतं भाजत होतं. लेक आणि जावई गाडी घेऊन आले, सर्व्हिस करून दुसऱ्या दिवशी सकाळी ती परस्पर कामावर जाणार होती. जावई ग्रंथपाल. मऊ आवाजाचा, चष्मेवाला, गाडीला कधी हात न लावलेला, पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला. मिस्त्री त्याला जावईबापू म्हणत आणि त्या 'बापू'त जेवढा कडवटपणा मावेल तेवढा कोंबत.

मिस्त्रींनी रेडिएटर काढला. धूळ मागून पुढे पाण्याच्या हलक्या धारेनं धुतली, वाकडी झालेली एकेक पाती पातळ पट्टीनं सरळ केली. जुनं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, काढून नवं भरायची तयारी केली. असं काम गावात दुसरं कुणी करत नव्हतं, हेही कबूल केलं पाहिजे. रेडिएटरच्या मागे एक छोटा विजेचा पंखा असतो. गाडी पळते तेव्हा तो झोपलेला, पण गाडी रखडली, तापली, की आपोआप सुरू होतो. रेडिएटर काढायचा तर या पंख्याचा प्लग सोडवावा लागतो. मिस्त्रींनी रेडिएटर परत बसवला, प्लग हातात घेतला, आणि त्याच वेळी दारात एक गिऱ्हाईक उगवलं.

या गिऱ्हाइकानं काय केलं होतं, तर तापलेल्या इंजिनावर थंडगार पाण्याची बादली ओतली होती. का, तर लवकर निवावं म्हणून. आता ते इंजिन गळत होतं.

मिस्त्री उठून उभे राहिले. अशी संधी वर्षातून एखादीच येते. "घरी काचेचा पेला आहे?" त्यांनी विचारलं. "त्यात उकळतं पाणी घाला, लगेच बर्फात ठेवा आणि मग मला येऊन सांगा काय झालं ते." तिथून जो तोंडाचा पट्टा सुटला तो गिऱ्हाइकाच्या शाळेपर्यंत, शाळेतल्या गुरुजींपर्यंत, ज्यानं गाडी विकली त्या शोरूमपर्यंत गेला. चहावाला किटली घेऊन थांबला. शेजारचा शिंपी मशीन बंद करून आला. रंगात येऊन मिस्त्रींनी दोन्ही हात हवेत उडवले. गिऱ्हाईक मान खाली घालून गेलं, लोक हसले, आणि मिस्त्री तृप्त मनानं गाडीकडे वळले. त्यांनी कुलंट भरलं, टाकी चढवली, सीट बसवली. प्लग मागे तसाच लोंबत राहिला.

किल्ली फिरवली, दोन क्षण ऐकलं, बंद केलं.

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय, कुलंट बदललं की पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवून बघावं म्हणून."

"दारावरचं वाचता आलं का, जावईबापू?"

"वाचलं ना. पण एकदाच जर—"

"तुम्ही पुस्तकं मोजा. इंजिन माझं मी बघतो."

लेक हसली. "राहू दे रे," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांनी केलंय म्हणजे झालंच." मिस्त्रींना इतकं बरं वाटलं की त्या रात्री त्यांनी भाजीला नाव ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. लेक कच्च्या वाटेवर होती. एका लांबच्या वस्तीवर गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. खोल वाळूत पहिल्या गिअरवर रखडत जावं लागत होतं, वारा पाठीमागून, म्हणजे रेडिएटरला नसल्यासारखाच. तापमानाचा काटा लाल रेषेच्या वर, खालून वाफ.

"बाबा, पंख्याचा आवाज येत नाहीये."

हे वाक्य मिस्त्रींनी आयुष्यात हजारदा ऐकलं होतं. पंखा, सेन्सर, वायर, कंपनी. नाचता येईना अंगण वाकडं. चालवणाऱ्याला कधी स्वतःची चूक सापडलीय? उत्तर जिभेवर तयारच असायचं, आणि ते समोर कोण आहे हे न बघता बाहेर पडलं.

"पंख्याला काय धाड भरलीय? क्लच अर्धा दाबून रेटत असशील. कुठंतरी इंजिन चालू ठेवून उभी राहिली असशील. सगळे तेच करतात. तूही त्यांच्यातलीच निघालीस."

ती म्हणाली, "बरं. ठेवते." तिनं गाडी एका खोडाला टेकवून ठेवली आणि औषधांची पेटी उचलून भर उन्हात चालत निघाली. गाय वाचली. वासरू गेलं. वेळेवर पोचली असती तर कदाचित गेलं नसतं, असं तिनं आईला सांगितलं. बापाला नाही.

दोन दिवसांनी गाडी टेम्पोतून आली. इंजिनाच्या डोक्याखालची चकती, हेड गॅस्केट, फुटलेली, तेलात कुलंट मिसळून सगळं दुधाळ झालेलं. लेक टेम्पोतून उतरली, "बघा," एवढंच म्हणाली आणि आत आईकडे पाणी प्यायला गेली.

मिस्त्री वाकले. टाकीखाली हात घातला आणि बोटांना तो लोंबता प्लग लागला.

त्या क्षणी शेडमध्ये कोणी नव्हतं. शिंप्याचं मशीन चालू होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पोरी, माझ्याकडून राहिला. दुसऱ्या कुणी हा प्लग सोडला असता तर मिस्त्रींनी त्याची सात पिढ्यांची अक्कल काढली असती, किटली थांबवून, मशीन बंद करायला लावून. त्यांना भीती वाटली, अगदी साधी, पोरासारखी भीती. लेक आपल्याकडे त्या नजरेनं बघेल, ज्या नजरेनं आपण सगळ्या जगाकडे बघतो. त्यांनी प्लग जागेवर दाबला. टक् असा आवाज झाला.

मान वर केली तर ती दारात उभी होती, हातात पेला.

"काय झालं होतं, बाबा?"

"हवा अडकली होती आत," मिस्त्री म्हणाले. ते जरा जास्तच मोठ्यानं बोलले. "आणि त्यात तू रेटलीस. सांगितलेलं ऐकायचं नाही कुणी."

"बरं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी गाडी अशी बांधली की तशी त्यांनी कधीच कुठली बांधली नव्हती. हेड घासून सपाट केलं, नवी गॅस्केट घातली, इंजिन तीनदा धुऊन काढलं. पहिल्यांदाच, शेडचं दार ओढून घेऊन, त्यांनी इंजिन उभं चालू ठेवलं आणि पंखा फिरेपर्यंत समोर बसून राहिले. फिरला. लेक येऊन गाडी घेऊन गेली, नेहमीसारखी वाकून नमस्कार करून. चोराच्या उलट्या बोंबा पचल्या असं मिस्त्रींना वाटलं, आणि जरा लाजही वाटली, पण ती लाज त्यांनी पुढच्याच गिऱ्हाइकावर काढली.

मग दिवस गेले. लेक यायची, पण बसनं. गाडी कुठंय? घरी आहे. चालते ना? छान चालते. मिस्त्री मनात हिशेब करायचे, आता तेल बदलायला झालं असेल, आता चेन सैल झाली असेल. तिच्या गाडीचा फिल्टर त्यांनी आणून फळीवर ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही. बायकोला म्हणाले, विचार जरा. ती म्हणाली, तुम्हाला तोंड नाही का? एरवी तर गावभर पुरतं.

शेवटी एका दुपारी, जेवताना, त्यांनी विचारलं.

"तेल बदलायला झालं असेल गाडीचं."

"बदललं."

"कुणी?"

"आमच्या तळ्याजवळचा तो गॅरेजवाला आहे ना, त्यानं."

मिस्त्रींचा घास हातात राहिला. "तो ढब्बू? अगं, त्याला रेडिएटर आणि चहाची गाळणी यातला फरक कळत नाही!"

"खरंय," लेक म्हणाली. "फार हुशार नाही तो. मागे एक नट सैल ठेवला होता त्यानं. संध्याकाळी फोन केला, म्हणाला, ताई, नट माझ्याकडून राहिलाय, गाडी हलवू नका, मी येतो. आला, हात जोडले, घट्ट करून गेला."

बायकोनं वाढायला उचललेला डाव तसाच धरून ठेवला.

"तो प्लग मी वाळूतच बघितला होता, बाबा. वस्तीवरून परत आले तेव्हा. गॅस्केट गेलीच होती, लावून काही उपयोग नव्हता. पण लावला असता मी. म्हटलं, राहू दे. बाबांना दिसेल. बाबाच सांगतील."

तिच्या आवाजात राग नव्हता, तिरस्कार तर नव्हताच. ते असतं तर मिस्त्रींना बोलायला काहीतरी सापडलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. सांगायचं एकच होतं आणि ते तिला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, जावयालाही बहुधा माहीत होतं. नुसतं म्हणायचं होतं.

"त्या ढब्बूनं," मिस्त्री म्हणाले, "तेल कितव्या नंबरचं घातलं?"

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नंबर सांगितला. बरोबर होता.