टाकीवर आलेला फेस

आप्पांचा मेव्हणा त्यांची ओळख करून देताना म्हणायचा, "हे पगार घेऊन पाणी हिंदकळवतात." यात खोटं काही नव्हतं. लॅबमध्ये भूकंपासारखा हलणारा एक पोलादी चौथरा होता. त्यावर काचेची टाकी. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी ज्या टाकीत असतं, तिचं छोटं मॉडेल. चौथरा हलवल्यावर पाणी काठाबाहेर गेलं, की टाकी नापास. टाकी भरणं आणि सांडलेलं पुसणं आप्पांकडे. त्यामुळे भूकंप ही मुख्यतः फरशीची बाब आहे, असं त्यांचं मत झालं होतं.

नवी टाकी दोनदा नापास झाली. पुन्हा झाली तर चौथरा बंद आणि आप्पा स्टोअरमध्ये, असं वरून कळलं. स्टोअरला खिडकी नव्हती.

तिसऱ्या चाचणीला पाहुणे येणार, म्हणून आप्पांनी काच घरच्या भांड्यांच्या साबणाने आतून लख्ख घासली. विसळली मात्र घाईत. चौथरा गदागदा हलला. पाणी थोडं वर चढलं आणि शहाण्यासारखं खाली बसलं. टाळ्या वाजल्या. पुसायला काहीच नाही, म्हणून आप्पांनी टाकीत डोकावलं. पाण्यावर फेसाची साय होती. लाट तिच्याखाली दबली होती.

"टाकी पास झाली ना? मग तोंड का पाडलंय?" घरी बायकोने विचारलं.

"फेसाने पास झाली. आपल्या साबणाच्या."

"मग भट्टीतही टाका म्हणावं. साबणाचा डबा देते."

आप्पा हसले नाहीत.

"सांगितलंत तर स्टोअर," ती म्हणाली.

"हो."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"खरीखुरी टाकी अशीच बांधतील."

"सकाळीच सांगून टाका," ती म्हणाली. " दुपारपर्यंत तुमचा धीर टिकायचा नाही."

सकाळी लॅबच्या प्रमुख मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "आप्पा, तुम्हाला गप्प बसता आलं नसतं का?"

"आलं असतं. पण फेस मी पाहिला ना."

टाकी स्वच्छ धुऊन पुन्हा हलवली. पाणी काठ ओलांडून थेट मॅडमच्या चपलांवर आलं. त्यांनी ओल्या पायांनीच शेरा लिहिला: नापास, भिंती उंच कराव्यात.

"स्टोअरमध्ये फार उकडतं हो," त्या पेनला टोपण लावत म्हणाल्या.

"पंखा मागून घेईन," आप्पा म्हणाले.