नदीच्या पाण्याचा करार

संत्रं सोललं की पुण्यातला तो वर्ग आठवतो. राजनय आणि आंतरराष्ट्रीय कायदा, दोन्ही घेऊन मी एम.ए. करत होते. "दोन्ही जमायला आपण परराष्ट्रमंत्री आहात का?" सर विचारायचे. प्रात्यक्षिक परीक्षेत मी आणि एक वकील वर्गमित्र, दोन देश बनून नदीच्या पाण्यावर करार करायला बसलो. तो एकेका कलमावर अडून बसला. थकून मी डब्यातलं संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्यापुढे ठेवलं. तो हसला. "उन्हाळ्यात तुमच्या शेतकऱ्यांना किती पाणी लागतं हो?" त्यानं पहिल्यांदाच विचारलं. मग कलमं भराभर जुळली. सरांनी मसुदा दोनदा वाचला. "टाइप करून द्या, पुढच्या वर्षी हाच शिकवीन." त्या संध्याकाळी मी सायकलवरून गुणगुणत बिबवेवाडीला घरी गेले. आज निवृत्तीनंतरही तो आनंद तसाच ताजा आहे.