नमुन्याला हात

लॅबकाकांच्या घरात 'वाटतं' हा शब्द चालत नसे. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत कोणी त्यांना म्हणालं, "काका, आज पाणी गढूळ आहे असं वाटतं," की ते विचारत, "गढूळ आहे, गढूळ दिसतं, की कोणी तुम्हाला तसं सांगितलं?" तिन्हींपैकी एक निवडावंच लागे. समोरचा अडखळला की म्हणत, "वाटण मिक्सरमध्ये करायचं. इथं माहिती द्या."

ते मूळचे साताऱ्याकडचे. तळोज्याच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली आणि तिचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले. लॅबकाका हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलेलं. मुलगी बंगळूरला असे, घरात काका-काकू दोघंच. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होते आणि एका दैनिकासाठी पनवेल भागाच्या बातम्या देत होते. एकदा मी एका नाल्याच्या बातमीत 'विषारी पाणी' असं लिहिलं. सकाळी काका वर्तमानपत्र घेऊन दारात उभे.

"पत्रकारबाई, विषारी म्हणजे किती? आणि कोणाला? माशाला, म्हशीला, की तुमच्या संपादकाला?"

त्याच दिवशी त्यांनी मला नाल्यावर नेऊन नमुना कसा घ्यायचा ते दाखवलं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. तोंडाला बोट लावायचं नाही. झाकण जमिनीवर ठेवायचं नाही. "आपला हात लागला की नमुना नाल्याचा राहत नाही, आपला होतो," ते म्हणाले. बातमीदारीचं इतकं नेमकं शिक्षण मला कार्यालयात कोणी दिलं नव्हतं. पुढे नव्या वार्ताहरांना मी हेच सांगत आले.

काकू उलव्याकडच्या. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि भावाला करंजाड्याला भूखंड मिळाला. त्यावर त्याने घर बांधलं. इतकी वर्षं खांदेश्वरला काढूनही काकूंची बोली गावचीच राहिली होती. नवऱ्याच्या त्या शब्दबंदीवर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आल्यागेल्याला चहा देताना त्या म्हणत, "यांना कायच वाटत नाय. लग्नाच्या आधी मना कोनी सांगितलंच नाय." काका यावर हसत. बहुधा हा एकच विनोद असा होता की ज्याचा पुरावा ते मागत नसत.

ज्येष्ठ नागरिक संघात एकदा 'विज्ञानाने सगळं कळतं का?' या विषयावर चर्चा ठेवली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी काकांना विचारलं, "आईचं प्रेम तुमच्या कुठल्या यंत्रात दिसतं?" काका उठून म्हणाले, "रक्तात दिसतं, ठोक्यांत दिसतं. आज पूर्ण दिसत नसेल तर उद्या दिसेल. जे मोजलेलं नाही ते मोजायचं राहिलंय, एवढाच त्याचा अर्थ." लोकांना हा उद्धटपणा वाटला. मला तसं म्हणता येणार नाही. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्या संघात सर्वांत जास्त वेळा तेच उच्चारत. आत्मा, पुनर्जन्म, शेअर बाजार, कशाहीबद्दल विचारा, ते आधी तेवढं सांगून मोकळे होत.

भाकरीचा प्रकार सगळ्या इमारतीला माहीत होता. काकू तांदळाची भाकरी करताना पिठात पाणी अंदाजाने घालत. काकांनी विचारलं, किती घालतेस? काकू म्हणाल्या, "पीठच सांगतं." काका म्हणाले, पीठ बोलत नाही, तुझ्या बोटांना चिकटपणा कळतो आणि चिकटपणा मोजता येतो. मग त्यांनी वजनकाटा आणला, पाण्यात तापमापक बुडवला आणि वहीत नोंदी सुरू केल्या. पहिल्या भाकऱ्या चिरल्या, काही तव्याला चिकटल्या. तीन आठवड्यांनी एक भाकरी अशी उतरली की काकूंच्या भाकरीशेजारी ठेवली तर ओळखू येत नव्हती. चव बघायला मलाही वर बोलावलं होतं. काकूंनी तुकडा मोडला, खाल्ला आणि मान हलवली.

"झाली. मानलं. आता ही कोनासाठी केली, ते सांगा."

"कोणासाठी म्हणजे? प्रयोग होता."

"म्हनून कोरडी लागते," काकू म्हणाल्या आणि उरलेली भाकरी त्यांनी संपवली.

पुढच्याच वर्षी काकूंच्या पोटात दुखू लागलं. कर्करोग निघाला. उपचारांची पहिली फेरी झाली, पण आजार हटला नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. रुग्णालयात राहून आणखी एक फेरी घ्यायची. त्याने काही महिने वाढण्याची शक्यता होती, त्रासही होता. किंवा उपचार थांबवायचे, वेदना ताब्यात ठेवणारी औषधं घ्यायची आणि घरी राहायचं. भावाने काकूंना करंजाड्याला न्यायची तयारी केली होती. काय करायचं ते त्या रविवारी सकाळी ठरवायचं होतं. मी डबा द्यायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "तू पन बस, बाय."

काकू चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, म्हणून काकांनी मोठ्या अक्षरांत एक तक्ता केला होता. डावीकडे घरची वाट, उजवीकडे रुग्णालयाची. खाली शंभरातल्या किती जणांना किती महिने मिळतात ते. त्यांनी काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. अर्धा तास ते सांगत होते. डॉक्टर, अधिकारी, वकील अशा अनेकांची निवेदनं मी कामात ऐकली आहेत. इतकं स्वच्छ निवेदन ऐकल्याचं आठवत नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादानं पुढची खोली रंगवली. हिरवी केली म्हनं. आंब्याचं झाड खिडकीत येतं."

"ते या तक्त्यात बसत नाही. पण तुझ्यासाठी ते महत्त्वाचं असेल तर धर."

"तक्ता समजला. तुमाला काय वाटतं?"

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसला. शब्दावरून त्यांनी टोकलं नाही. चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "माझं वजन यात नको. शरीर तुझं आहे, निर्णयही तुझाच पाहिजे."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तक्त्याकडे पाहत होते. काकूंनी उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. "हितं महिने जास्त दिसतात. हितं जाऊ."

उपचारांच्या पाचव्या आठवड्यात त्या रुग्णालयातच वारल्या. करंजाड्याला त्यांना एक दिवसही जाता आलं नाही.

दहाव्याचे विधी भावाने केले. काका कडेला उभे राहिले. अशा विधींना पूर्वी ते पुरावा मागत, त्या दिवशी मागितला नाही. परत निघताना काकूंची भावजय त्यांच्याजवळ आली. काकूंनी फोनवर जे सांगितलं होतं ते तिने तसंच सांगितलं: "ताई म्हनली, यांनी एकदा 'चल' म्हटलं असतं तर मी कागद बघितलाच नसता. पन यांच्या मनात दवाखानाच दिसतो. मंग यांच्यासाठी जाते."

हे मला काकांनीच सांगितलं, त्याच आठवड्यात. त्यांनी चहा केला होता आणि दोघांपैकी कोणीच तो घेतला नव्हता.

"माझ्या मनात दवाखाना नव्हता," ते म्हणाले. "मला ती घरी हवी होती. करंजाडं तर करंजाडं, मी पण गेलो असतो. ते बोललो नाही, कारण माझा हात लागायला नको होता. निर्णय निव्वळ तिचा राहायला हवा होता. आणि तिनं तो माझ्यासाठी घेतला."

"आकडे चुकले होते का?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"नाही. पुन्हा तपासले. आकडे बरोबर आहेत." गार झालेला कप बाजूला सारून म्हणाले, "आकडे तिला डॉक्टरांनी दिलेच असते. माझ्याकडून तिला दुसरं काहीतरी हवं होतं. ते माझ्याकडे होतं. मी बाटलीला झाकण लावून बसलो."

महिन्याभराने ते संघात आले. गुरुजी प्रेमळ माणूस. त्यांच्या मनात टोमणा नसावा. त्यांनी काकांचा हात धरला आणि म्हणाले, "आता तरी पटलं ना, विज्ञानाच्या पलीकडे काही असतं म्हणून?"

"पलीकडचं मला अजूनही माहीत नाही, गुरुजी," काका म्हणाले. "अलीकडे माझी बायको बसली होती. तिनं मला विचारलं होतं."

गुरुजींनी हात सोडला नाही. विषय मात्र पुन्हा कधी काढला नाही.

पावसाळा संपल्यावर काकांनी खांदेश्वरचा फ्लॅट बंद केला आणि मेहुण्याकडे करंजाड्याला राहायला गेले. सोसायटीत याची चर्चा झाली. मुलगी बंगळूरला, तिच्याकडे जायचं सोडून सासुरवाडीला कशाला, असं लोक म्हणत. मेहुण्याने काही विचारलं नाही. काकूंसाठी रंगवलेल्या खोलीत त्याने काकांची खाट टाकली. काका सकाळी भावजयीला दूध आणून देत, दुपारी शेजारच्या मुलींना गणित शिकवत. उरलेला वेळ खिडकीशी असत. देहदानाचा अर्ज त्यांनी पूर्वीच भरला होता. तो बदलला नाही. गेल्या मार्चमध्ये ते गेले आणि अर्जात लिहिल्याप्रमाणे सगळं झालं.

त्याआधी पंधरा दिवस मी त्यांना भेटले होते. खोलीचा हिरवा रंग मला वाटला होता त्याहून फिका होता. आंब्याला मोहोर होता. मेहुणा कामावर गेला होता, भावजय आत होती. काका आजारी दिसत नव्हते, फक्त आवाज उतरला होता. बराच वेळ ते माझ्या कामाबद्दल विचारत राहिले. विमानतळाच्या बातम्या कोण देतं, नवा संपादक कसा आहे, असं. मी निघायला उठले तेव्हा म्हणाले, "एक विचारू? त्या रविवारी तुम्ही तिथं होतात."

"हो."

"तिला कुठं जायचं होतं, ते तुम्हाला दिसत होतं का?"

मला अंदाज, शक्यता, आठवत नाही, असं काहीही म्हणता आलं असतं.

"दिसत होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मग बोलला का नाहीत, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी तो विचारायची वाट पाहत दारात उभी होते. मग भावजयीने आतून विचारलं, जेवून जाणार का. मी नाही म्हणाले आणि चपला घातल्या.