त्यानं तोंडी दिलेली लायब्ररी

माझा दोस्त गेला तेव्हा त्याची लायब्ररी माझ्याकडं अर्धवट बांधून पडली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, छोटासा प्रोग्राम. प्रत्येक सॉफ्टवेअरची एक सेटिंगची फाइल असते. ती वाचायची आणि कुठं चुकलंय ते सांगायचं, एवढंच तिचं काम. ती त्यानं शिरूर अनंतपाळला घरी बसून लिहिली. मी नांदेडात नोकरी सांभाळून एका लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी पॅकेजं बांधतो, म्हणजे लोकांनी लिहिलेले प्रोग्राम त्या सिस्टिममध्ये सहज बसतील असे तयार करतो, तेही फुकट. एकदा तिथं घेतली गेली की जगात कुणालाही एका कमांडवर मिळणार होती. तेवढ्यासाठी त्याचा जीव लई अडकला होता.

प्रोग्राम इतरांनी कसा वापरायचा, त्याच्या परवान्यावरून आमची कायम जुंपायची. मी म्हणायचो, "बाबा, कुठला तरी ठरलेला परवाना टाक." पण हा पठ्ठ्या एकच ओळ लिहून मोकळा झालेला: खुशाल वापरा, विचारत बसू नका.

"अजून लिहून कशाला द्यायचं?" तो म्हणायचा. "पेरणीला शेजाऱ्याला पाभर देताना कुणी कागद करतंय का? जबान दिली म्हंजे दिली."

त्याचं खोटं नव्हतं. आमच्याकडं अवजारं अशीच या रानातून त्या रानात फिरतात. पण पॅकेज तपासणाऱ्यांना काय त्याचं! त्यांच्या लेखी ती बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. त्यांनी कळवलं, वापरायला सांगितलंय, पण बदलायची आणि पुढं वाटायची परवानगी कुठंय? लेखकाकडून लिहून आणा. कुठून आणू लेखक? अटॅकनं त्याला नेलं, आणि त्याच आठवड्यात हे उत्तर आलं. मला दोस्ताचाच असा राग आला, असा राग आला, की रडायचंच राहून गेलं.

आता लिहून द्यायचा हक्क वारसांचा. आईवडील आधीच गेलेले, मूलबाळ नाही. राहिल्या वहिनी, त्याची बायको. त्यांनी नाही म्हटलं तर त्याची लायब्ररी माझ्याच लॅपटॉपवर सडणार होती. फोनवर असलं विचारवेना, म्हणून लातूरमार्गे बसनं गेलो.

वहिनींनी चहा दिला. मी चाचरत चाचरत सगळं सांगितलं.

"देते की लिहून," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, हाय काय हे? रोज संध्याकाळी कवाड लोटून बसायचे. विचारलं की म्हणायचे, तुला न्हाई कळायचं."

मी लॅपटॉप उघडला. फाइलमध्ये आकडा पाहिजे तिथं मुद्दाम शब्द टाकला आणि लायब्ररी चालवली. तिनं बरोबर ती ओळ दाखवली, इथं आकडा हवा म्हणून. वहिनींनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. एक कंस खोडला. तेही पकडलं गेलं. मग आणखी एक चूक केली, मग आणखी एक. थोडं हसल्यासुद्धा.

नंतर मी सांगितलं तसा परवानगीचा मेल त्यांनी स्वतः टाइप केला आणि पाठवला. पुढं त्याच मेलवर पॅकेज मंजूर झालं. पण त्या दिवशी मेल गेल्यावर त्या नुसत्या स्क्रीनकडं बघत बसल्या.

"एवढंच होतं व्हय?"

"हो वहिनी, एवढंच."

"हे तर कळलं असतं मला," त्या म्हणाल्या. "एकदा बोलवायचं तरी. बसले असते की शेजारी."