जुना तांदूळ, ताजी बिअर

मला कडू बिअर आवडते. गोड नाही, हलकी नाही, कडू. गावाकडे हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, पोरगं बिघडलं. पण माझं पोट याच कडूवर चालतं, आणि हे मी आता मान वर करून सांगू शकतो.

मी वरूडकडचा, संत्र्याच्या पट्ट्यातला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढची काही वर्षं संत्र्याची प्रतवारी करून क्रेट भरण्यात गेली. मग एका ओळखीच्या ड्रायव्हरसोबत पुण्याकडे आलो आणि वरव्याजवळच्या एका शेडमध्ये, बिअरच्या लहानशा कारखान्यात, टाक्या धुवायला लागलो. घरी सांगितलं, शरबताची कंपनी आहे. आईला खरं सांगायला वर्ष लागलं. ती म्हणाली, "तू पेतं काय रे?" म्हटलं, चाखतो. "चाखनं म्हंजे पेनंच झालं," म्हणाली, आणि विषय तिनेच बदलला.

चाखायला शिकवलं आमच्या मॅडमनी. बिअर बनवण्याचं सगळं त्यांच्या हातात. पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्यासमोर चार पेले ठेवले आणि म्हणाल्या, "नावं विसर. कशासारखं लागतं ते सांग." पहिली लागर, म्हणजे नेहमीची पिवळी बिअर. स्वच्छ, थंड, उन्हातून आल्यावर बरी, पण पेला खाली ठेवला की काही आठवत नाही. दुसरी गव्हाची, गढूळ. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. आमचे साहेब, म्हणजे मालक, हिच्यावर खूश, कारण ती सगळ्यांना आवडते. तिसरी काळी. मी म्हणालो, भाकरीचा करपलेला पापुद्रा कोऱ्या कॉफीत बुडवलाय. मॅडम हसल्या. आणि चौथी.

चौथी नाकाशी नेली आणि मी एकदम वरूडला उभा. प्रतवारीच्या शेडमध्ये पायाखाली संत्र्याच्या साली चिरडतात, त्यांचं तेल हवेत उडतं, डोळे चुरचुरतात, तोच वास. त्यामागे कैरीचा चीक, ओलं गवत. मग घोट, आणि जिभेच्या मुळाशी कारल्यासारखं कडू. घोट गिळल्यावरही ते कडू बसून राहिलं, उठेचना. डोळ्यांत पाणी आलं ते कडूमुळे, असं मॅडमना वाटलं असावं. मीही तसंच वाटू दिलं.

तो वास हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका परदेशी वेलाची फुलं. आमच्याकडे ती दळून, दाबून, हिरव्या गोळ्या होऊन येतात. थोड्या गोळ्या उकळताना टाकायच्या, त्या कडूपणा देतात. बाकीच्या गोळ्या, बिअर आंबून झाल्यावर, थंड टाकीत सोडायच्या, त्या वास देतात. हे दुसरं काम पुढे मॅडमनी माझ्याकडे दिलं. कडू बिअरची टाकी माझी झाली. मी स्वभावाने घाबरट. टाकीचं झाकण लावल्यावर परत जाऊन बघायचं, खोलीवर पोचल्यावर फोन करून वॉचमनला बघायला लावायचं. तो मला 'टाकीची आई' म्हणायचा.

खोली मामांकडे. मामा म्हणजे घरमालक, पण पहिल्याच दिवशी मामींनी ताट वाढलं, त्यामुळे मालक म्हणायला जीभ वळली नाही. त्यांचं जुनं घर-शेत गुंजवण्याकडे होतं, ते धरणात गेलं. वेल्ह्याकडे भाताचा एक तुकडा उरलाय, तो मामा अजून पिकवतात. आमच्या कारखान्यातला उकळलेल्या धान्याचा चोथा ते म्हशींसाठी नेतात. हॉप्सच्या गोळ्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा म्हणाले, "ही पेंड कुठनं आनली? वास लई भारी मारतीय." माझ्या बोलण्याची त्यांना भारी मजा. मी 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की दिवसभर मला 'काय काहून पाव्हणं' म्हणत.

उन्हाळ्यात माझ्या टाकीच्या बाटल्या पहिल्यांदा भरल्या तेव्हा कामगारांना थोड्या मिळाल्या. मी माझ्या सगळ्या मामांना दिल्या. ते एवढंच म्हणाले, "ठिवतो जपून." मला वाटलं, प्याले असतील.

यंदा भाताची कापणी झाल्यावर मामांनी साहेबांना आणि मॅडमना जेवायला बोलावलं. त्याच आठवड्यात साहेब ठरवणार होते की पुढल्या वर्षी तीनच बिअर करायच्या. कडू बिअर दुकानांत पडून राहते, लोक एकदा घेतात, परत घेत नाहीत, म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावरच येणार हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ती गेली की माझी टाकीही गेली, मी परत पाण्याचा पाइप घेऊन धुवायला. जेवायला बसलो तेव्हा मी नुसतं ताट चिवडत होतो.

ताटात भाटघर धरणाच्या पाण्यातले तळलेले मासे, मिरचीचा खरडा आणि मोकळा, सुटसुटीत भात. साहेब म्हणाले, "मामा, नवा तांदूळ छान आहे."

मामा दुखावल्यासारखे झाले. "नवा कशापायी घालू साहेब? पाव्हण्याला नवा तांदूळ घालत्यात व्हय? गिच्च गोळा व्हतो. ह्यो गेल्या सालचा, कणगीतला." आणि त्यांना काहीतरी आठवलं. "थांबा, कणगीत आनिक येक चीज हाय."

आत गेले आणि तांदळाची भुकटी झटकत दोन बाटल्या घेऊन आले. माझ्या बाटल्या. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा पत्र्याखाली, तांदळात पुरलेल्या.

"ह्या पोरानं दिल्या तवाच म्हनलं, पाव्हण्यांसाठी ठिवायच्या. आता कशा मुरल्या असतील."

मला बोलायचं होतं, पण बाटली उघडली गेली होती. साहेबांनी घोट घेतला. चेहरा हलला नाही. दुसरा घोट घेतला नाही. मॅडमकडे पाहून हळूच म्हणाले, "भिजलेला पुठ्ठा. हीच ना ती, दुकानात पडून राहणारी?"

मामांनी ऐकलं. ते माझ्याकडे बघायला लागले, जणू त्यांनीच माझं काहीतरी सांडलं होतं. ते मला सहन होईना.

मी ताटावरून उठलो. "साहेब, बसून राहा जी. ताजी आणतो."

"अरं जेवान निवंल," मामी म्हणाल्या.

"येतोच मामी."

कारखाना जवळच. स्कूटर काढली. त्याच आठवड्यात भरलेल्या बाटल्या थंड खोलीत होत्या. चार घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि पायांत धरून आणल्या. रस्त्यातला प्रत्येक खड्डा बाटल्यांआधी माझ्या छातीला लागला.

ओतताना घाई झाली, फेस पेल्याबाहेर गेला. मामी आतून भात घेऊन येत होत्या, त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

"संत्रं कुनी सोललं?"

कुणीच सोललं नव्हतं. मॅडमनी नुसता पेल्याकडे हात केला.

साहेबांनी आधी जुना पेला हुंगला, मग नवा, मग परत जुना. "ही त्याच टाकीची?"

"टाकी तीच," मॅडम म्हणाल्या. "हॉप्सचा वास असा मरतो. उकाड्यात लवकर. मी तुम्हाला दोन वर्षं सांगतेय, ही दुकानात सहा महिने ठेवायची वस्तू नाही."

"तू सांगत होतीस," साहेब म्हणाले, "पण पुठ्ठा आज चाखला." आणि नवा पेला सावकाश संपवला. मग म्हणाले, "लोकांना कडू नको, असं मी समजत होतो. आपण त्यांना शिळी पाजत होतो."

आता मामा. खरं सांगतो, साहेबांपेक्षा मला मामांचं भय जास्त होतं. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाय की रं."

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी खरडा लावून माशाचा तुकडा खाल्ला. परत घोट. परत तुकडा, परत घोट. पेला रिकामा करून माझ्यापुढे सरकवला.

"तिखट खाल्लं की ह्ये धुवून काढतंय. मंग परत तिखट खावंसं वाटतंय. गव्हाची दिली व्हतीस मागं, ती गोडगोड, लेकराच्या औषधावानी. ही मानसाची हाय. वत आनिक."

"म्हणजे आवडली?" मॅडमनी विचारलं.

"आवडली कुठं म्हनतोय? वत म्हनतोय."

सगळे हसले. साहेब मला म्हणाले, टाकी राहील. लहान टाकी, पण वारंवार, आणि ताजी असेल तेवढीच दुकानात. गव्हाची, लागर आणि ही. काळीला सुट्टी. काळीचं मला वाईट वाटलं, पण अगदी थोडं.

मामा उरलेली जुनी बाटली घेऊन उठले. "ही म्हशीला घालू का?"

"म्हशीनं तुमचं काय केलंय?" मामी म्हणाल्या आणि बाटली त्यांच्या हातातून काढून मोरीत ओतली. मग माझ्या ताटावर आल्या. "आता तरी जेव."

भात निवला होता, तरी शीत न् शीत सुटं होतं. गेल्या सालचा, पाहुण्यांसाठी राखलेला. मी दोनदा मागून घेतला. पेल्यातून वरूडचा वास येत होता आणि मामा माझ्याकडे बघून खरड्याची वाटी पुढे सरकवत होते.