भिंतीवरची सावली

आमच्या रहाटणीतल्या सोसायटीनं पार्किंगसाठी गेटबाहेरचा कडुनिंब पाडला आणि मग भिंतीवर 'झाडे जगवा' रंगवायला पेंटर बोलावला. कानामागं ब्रश, गालातल्या गालात हसू. दूध आणताना मी रोज त्याच्यापाशी रेंगाळायचो.

त्यानं भिंतीवर तोच कडुनिंब काढला. सावलीत कामगार बसवले, पूर्वी तिथं कंपनीच्या बसची वाट बघायचे ते. चेअरमनची पांढरी गाडी मात्र भर उन्हात रंगवली.

"अरे, माझी गाडी सावलीत घे ना," चेअरमन म्हणाले.

"घेतो की सायेब. पण जागा न्हाई. ह्यास्नी उठायला तुमीच सांगा."

खऱ्या कामगारांना चेअरमननी वॉचमनच्या एका शिट्टीत हुसकावलं होतं. चित्रातला मात्र एकही जण जागचा हलेना.