अच्युतरावांची बुर्जी

अच्युतरावांचं घर बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. माणूस असा, की एक वेळ जेवण चुकेल, पण संध्याकाळचा, खाली गल्लीतल्या ओट्यावरचा बुद्धिबळाचा डाव चुकायचा नाही. दिवाळीआधी कुणाच्या तरी स्कूटरने धक्का दिला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठीसुद्धा सुटली. पण लेकाच्या, यतीनच्या, मनातली धास्ती काही सुटेना. तो आणि सून नीरजा सकाळी ऑफिसला निघाले की जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. जेवण झाकलेलं, पाणी भरलेलं, टीव्हीचा रिमोट उशाशी. पिंजऱ्यातल्या पोपटाशी तरी मिरची देताना कुणी दोन शब्द बोलतं!

"अरे, मी काय चोर आहे?"

"बाबा, बाहेर ट्रॅफिक बघा जरा. परत पडलात म्हणजे?"

शेवटी एका रविवारी अच्युतरावांनी पट मांडला. "मी जिंकलो तर दाराची एक किल्ली माझी."

यतीन मोबाईलवर खेळणारा. हसून म्हणाला, "पक्का! पण पूरं जिंकायचं हं."

मग काय, म्हाताऱ्याने त्याचा एकेक मोहरा टिपला. यतीनचा राजा तेवढा उघडा उरला. अच्युतरावांकडे राजा, एक उंट, एक घोडा. त्यांनी हात पुढे केला. "बुर्जी! आण किल्ली."

ओट्यावरची रीतच ती. समोरच्याचा राजा एकटा पडला की बुर्जी झाली, डाव आटोपला, चहा सांगायचा. उघड्या राजामागे धावणं हलक्या माणसाचं काम. त्यापुढचा खेळ ते जन्मात खेळले नव्हते.

"बुर्जी-वुर्जी नाही चलत आता. मात करा."

"एवढ्याशा फौजेने?"

"होते बाबा. मोबाईल करतो."

उंट काळ्या घरांवरून चालणारा, म्हणून यतीनचा राजा पांढऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथे उंटाचा शह पोचेना. अच्युतरावांनी घोडा वळवला, स्वतःचा राजा पुढे काढला, आणि यतीनच्या राजाला हुसकत हुसकत काळ्या कोपऱ्यात आणलं. तव्यावरची पोळी करपली तरी नीरजा बघत उभी.

"सावकाश, बाबा," ती पुटपुटली.

"ए, तू कुणाच्या पार्टीत?" यतीन करवादला.

अच्युतरावांच्या डोळ्यांपुढे एव्हाना किल्लीच नाचत होती. राजाला पळायला एक घर मोकळं दिसलं. निसटेल या भीतीने त्यांनी घोडा टाकून तेही बंद केलं.

यतीन पटावर वाकला. "जिच झाली, बाबा. माझ्या राजाला शह नाही, आणि हलायला घरही नाही. बरोबरी."

अच्युतराव कोपऱ्यातल्या त्या राजाकडे बघत राहिले. "कुणी मारत नाही रे त्याला," ते म्हणाले, "पण जावं कुठे त्याने?"

यतीन मोहरे डब्यात भरू लागला, तेव्हा अच्युतरावांनी दोन राजे, उंट आणि घोडा काढून घेतले. "रविवारी परत!"

सोमवारी कुलूप लागलं. "येते हं, बाबा," नीरजा जाळीतून म्हणाली.

"या, या." चार मोहऱ्यांच्या पटावरून मान वर न करताच ते म्हणाले. "रविवारपर्यंत मला तरी कुठे जायचंय!"